कशाचं शून्य, कुठलं शून्य

फळ्यावर तीन उभी घरं आखलेली. वर श, द, ए. बाई म्हणतात, "लिहा, दोनशे पाच." तिसरीच्या वर्गात थोडा वेळ फक्त पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत राहतो आणि मग पाट्या वर होतात. बऱ्याच पाट्यांवर २०५ असतं. एखाद्या पाटीवर २५ असतं. आणि दोन-चार पाट्यांवर हमखास, ठसठशीत अक्षरात, २००५ लिहिलेलं असतं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पहिले काही आठवडे मागच्या वर्षाची उजळणी चालते, आणि पावसाने जोर धरला की तिसरीत तीन अंकी संख्या येतात. ती २००५ ची पाटी प्राथमिक शिक्षकांच्या चांगल्याच ओळखीची आहे. पुसून टाकण्याआधी ती नीट बघावी, इतकी ती मोलाची आहे. मुलाने ऐकलं तसं लिहिलं आहे. दोनशे म्हणजे २००, त्याच्यापुढे पाच. जे कानावर पडलं त्यातलं एक अक्षरही त्याने सोडलेलं नाही. २५ लिहिणाऱ्या मुलीचंही तसंच. तिने दोन ऐकले, पाच ऐकले, मधे काही ऐकलंच नाही, म्हणून मधे काही लिहिलं नाही. दोघांच्या कानात दोष नाही आणि बुद्धीतही नाही. ‘दोनशे पाच’ या उच्चारात शून्य नाहीच.

बोलण्याला शून्य लागत नाही. दहा, वीस, शंभर, एक हजार एक, यातल्या एकाही नावात त्याचा मागमूस नाही. मधे दशक नसतील तर त्यांचं नाव घ्यायचं नाही, संपलं. लिहिताना मात्र नुसतं गप्प बसून भागत नाही, कारण कागदावर गप्प बसलं की शेजारचे दोन अंक एकमेकांना येऊन चिकटतात. दोन आणि पाच यांच्यामधली जागा कुणीतरी धरून ठेवावी लागते. आठ वर्षांच्या मुलाला जुलै-ऑगस्टमध्ये शाळा नेमकं हे शिकवते, की जे नाही तेही लिहावं लागतं. यावर एखादं चौकस मूल विचारतं, "काहीच नाहीये ना, मग लिहायचं कशाला?" वर्ग हसतो. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. या देशातल्या मोठमोठ्या दर्शनकारांनी कित्येक शतकं ज्या प्रश्नावर एकमेकांशी वाद घातला, तोच हा प्रश्न आहे: ‘नसणं’ ही काही वस्तू आहे का?

संख्येचं नाव आणि तिचं लिखाण यांच्यातली ही फट महाराष्ट्राने एकदा चव्हाट्यावर पाहिली आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला जोडून ‘वीस एक’ असं वाचनही दिलेलं होतं. आपण लिहितो आधी दोन आणि मग एक, म्हणतो मात्र आधी एक आणि मग वीस. शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असली जोडाक्षरं लहान मुलांच्या जिभेला जड जातात, हे त्यामागचं कारण. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ते शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. वाद विधिमंडळापर्यंत गेला. मराठीचं रूप बिघडेल ही काळजी खोटी नव्हती, आणि वर्गात अडखळणाऱ्या मुलाची काळजीही खोटी नव्हती. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली. संख्या तिच्या नावात असते की तिच्या जागेत, हा प्रश्न मुलांपुढे पहिल्यांदाच आलेला नव्हता. तत्त्वज्ञांनी तो फार आधी हाताळला होता, आणि तोसुद्धा साध्या हिशेबातून उचलून.

योगसूत्रांवर व्यासांचं म्हणून जे भाष्य प्रसिद्ध आहे, त्यातल्या तिसऱ्या पादात एक दृष्टांत येतो. एकच रेघ शतकाच्या घरात ओढली तर शंभर होते, दशकाच्या घरात दहा आणि एककाच्या घरात एक. रेघ तीच, किंमत जागेप्रमाणे. लगेच दुसरं उदाहरण दिलेलं आहे: एकच बाई कुणाची आई, कुणाची मुलगी, कुणाची बहीण म्हणवली जाते. वस्तू तीच राहूनही तिच्यात बदल होतो म्हणजे नेमकं काय होतं, हा भाष्यकारांपुढचा पेच होता, आणि तो सोडवायला त्यांना हिशेबाची घरं आठवली. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात वैशेषिकांचं मत खोडताना हाच रेघेचा दाखला दिला. बौद्धांकडे वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या भाष्यात वसुमित्राच्या नावावर असंच सांगितलं आहे: मोजायची तीच गोटी एकच्या खुणेवर ठेवली की एक, शंभरच्या खुणेवर ठेवली की शंभर. एरवी तिघांचं एकमेकांशी पटत नाही. दाखला मात्र तिघांनी एकाच ठिकाणाहून घेतला.

आपल्या पाठ्यपुस्तकात याला दोन साधे शब्द आहेत: दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत. ५५५ मधल्या तिन्ही पाचांचा चेहरा एक, किंमत तीन. मुलांना हे समजतं ते काड्यांनी. दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा, त्याला रबर लावायचं. असे दहा गठ्ठे झाले की शंभराचा मोठा गठ्ठा. पण काड्यांमध्ये एक लबाडी राहते. गठ्ठा दिसायलाच मोठा असतो, त्यामुळे तो जास्त आहे हे डोळ्यांनाच कळतं. लिहिलेला ५ मात्र कुठल्याही घरात एवढाच. त्याला स्वतःचं म्हणून काही वजन नाही. शेजारी कोण आहे आणि आपण कितव्या घरात आहोत, यावर त्याचं सगळं अवलंबून.

इथे नागार्जुनाची आठवण होणं साहजिक आहे. सातवाहन राजाला पत्र लिहिणारा म्हणून परंपरा ज्याला ओळखते, तो हा माध्यमिक मताचा आचार्य. त्याच्या ‘शून्यते’चा अर्थ ‘काहीच नाही’ असा लावणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्याचं म्हणणं निराळं होतं. कुठल्याही गोष्टीला तिचा एकटीचा, कशावरही न टेकलेला स्वभाव नसतो. ती दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने असते, या आधाराने असण्यालाच तो शून्यता म्हणतो. चुकीच्या ठिकाणी धरलेला साप जसा धरणाऱ्यालाच डसतो, तशी चुकीची समजलेली शून्यता माणसाला बुडवते, असा इशाराही त्याने देऊन ठेवला आहे. गणितातलं शून्य नागार्जुनाच्या विचारातून आलं असं म्हणायला पुरावा नाही आणि तसं म्हणूही नये. पण ५५५ मधल्या पाचाकडे पाहणाऱ्या मुलाला जे कळतं, ते त्या विचाराच्या अगदी शेजारचं आहे.

शून्याची खूण कोरलेली जिथे बघायला मिळते, त्या जागांपैकी एक देऊळ आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाताना चढणीवर एका खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. विष्णूचं, अगदी लहानसं. आतल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. मजकूर दानाचा आहे. फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि देवाला रोज ५० माळा. २७० मधला आणि ५० मधला तो बारीकसा गोल आजच्या तिसरीतल्या मुलालाही वाचता येईल. याहून जुनी खूण कंबोडियातल्या शके ६०५ च्या लेखात आहे. तिथे शून्य म्हणजे एक टिंब. ग्वाल्हेरच्या लेखाचं अप्रूप वेगळं आहे. तिथे कुणी शून्याबद्दल बोलत नाही. माळी, फुलं, माळा, जमीन असा रोजचा व्यवहार, आणि त्यात शून्य निमूटपणे आपली जागा धरून बसलेलं.

मराठीने तर त्याला ‘पूज्य’ हे नाव दिलं. जुनी माणसं अजूनही ‘एकावर पूज्य दहा’ म्हणतात. ज्याला हात जोडायचे तोही पूज्य आणि ज्याच्याकडे काही नाही तोही पूज्य. दुसरीकडे परीक्षेत शून्य मिळालं की ‘भोपळा मिळाला’ असं म्हणून आपणच मुलाला खाली मान घालायला लावतो. गणितातल्या सगळ्यांत अवघड कल्पनेशी मुलाची ओळख अशी लाजेच्या वाटेने व्हावी, हे वाईट आहे. ज्या खुणेसाठी माणसाला इतकी शतकं लागली, ती शिक्षा म्हणून वहीवर लाल शाईने काढू नये.

शून्य समजायला मुलांना खरोखर वेळ लागतो. अमेरिकेतल्या हेन्री वेलमन आणि केव्हिन मिलर यांनी १९८६ मध्ये लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांची ही मुलं आधी शून्याचं चिन्ह ओळखायला शिकतात. मग त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा आहे हे त्यांना कळतं. आणि हे कळल्यावरही, सगळ्यांत लहान संख्या कोणती असं विचारलं, तर उत्तर येतं: एक. शून्य ही एकाच्या अलीकडे बसणारी संख्या आहे, हे सगळ्यांत शेवटी उमगतं. ‘काही नाही’ हे कळणं सोपं. ते ‘काही नाही’ एक, दोन, तीनच्या रांगेत आणून उभं करणं अवघड. २०१८ मध्ये मधमाश्यांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं की कमी खुणा असलेला कागद निवडायला शिकलेल्या माश्या कोरा कागद एकाच्याही खाली धरतात. एवढ्याशा जिवाला ते जमतं आणि मुलाला जमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. माशीला कोरा कागद ओळखायचा होता. मुलाला त्या कोरेपणाला नाव द्यायचं असतं, खूण द्यायची असते आणि वर त्याच्यासोबत बेरीज-वजाबाकी करायची असते.

ती बेरीज-वजाबाकी पहिल्यांदा नियमांत बसवली ब्रह्मगुप्ताने, ६२८ मध्ये, भिल्लमाळला, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळला. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार त्याने सांगितले. भागाकाराशी आल्यावर मात्र तो अडला. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असं त्याने म्हटलं. दुसऱ्या संख्येला शून्याने भागायची वेळ आली तेव्हा छेदात शून्य ठेवून तो पुढे गेला. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला जैन गणिती महावीर म्हणाला, संख्या होती तेवढीच राहते. चौथीतली मुलंही हेच उत्तर देतात. बारा लाडू आहेत, घ्यायला कुणीच नाही, मग बाराच राहणार की!

भास्कराचार्यांनी वेगळी वाट धरली. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यांच्या बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आहे. ती अनंत राशी, असं सांगून ते एकदम वेगळ्याच सुरात जातात. अशा राशीत कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. जसे प्रलयात असंख्य जीव अच्युतात विलीन होतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी त्याच्यात फरक पडत नाही. गणिताच्या नियमाला ईश्वराची उपमा दिलेली आहे आणि ती शोभेसाठी नाही. जिच्यात घालून-काढून काही होत नाही अशी वस्तू कशी असेल, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून त्याला आधीपासून ठाऊक असलेली अशी एकच वस्तू त्यांनी पुढे ठेवली.

आजचं गणित भास्कराचार्यांचं उत्तर मान्य करत नाही. चौथीच्या वर्गात बाई ‘शून्याने भागता येत नाही’ एवढं सांगून पुढे जातात, कारण घड्याळ पुढे धावत असतं. पण पाच मिनिटं हाताशी असली तर मुलं हा प्रवास स्वतः करू शकतात. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. १२ मधून ४ काढा, किती वेळा? तीन वेळा. आता १२ मधून शून्य काढा. बारा उरले. परत काढा. बाराच. मुलं वही भरेपर्यंत काढत राहतात आणि मग कुणीतरी ओरडतं, "बाई, हे संपतच नाही!" भास्कराचार्यांना अनंत दिसलं ते इथेच. आता उलटं विचारा, शून्याला कितीने गुणलं की बारा येतील? कितीनेही नाही. उत्तर नाही म्हणून भागता येत नाही. दोन्ही वाटा मुलांनी चालून पाहिल्या की ‘येत नाही’ हा बाईंचा हुकूम राहत नाही, तो त्यांनी स्वतः काढलेला निकाल होतो.

हे सगळं मराठी मुलखापासून दूरचं नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण गावी १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, त्याला मिळालेल्या देणग्यांची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. मुख्य मजकूर संस्कृतात आहे, पण मठाला कुणी काय द्यायचं तो व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत. याच्या पाचच वर्षं आधी, १२०२ मध्ये, पिसाच्या लिओनार्डोने भारतीय अंकांची ओळख युरोपला करून देणारा ग्रंथ लिहिला होता. तिकडे शून्य नवीन पाहुणा म्हणून दारात उभं होतं, इकडे खानदेशात त्याच्या शिक्षणासाठी लोक वर्गणी लावून देत होते.

दुसरे चांगदेव तापीकाठचे, योगी. त्यांचा बाजारगप्पांत पहिल्या चांगदेवाशी घोळ होतो, पण ते वेगळे. त्यांची कथा प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहून चांगदेव इतकी वर्षं जगून कोरेच राहिले असा टोला दिला आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं, असं परंपरा सांगते. रस्त्यावर पडलेल्या कोऱ्या कागदाला कुणी उत्तर देत नाही. या कागदाला उत्तर मिळालं, कारण तो कुणीतरी कुणालातरी धाडला होता.

न्यायशास्त्र नसण्याबद्दल जे सांगतं, ते याच्या जवळचं आहे. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टी आधी सहा पदार्थांत बसवल्या होत्या: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढे सातवा आला, अभाव. नऊ अंकांनंतर दहावी खूण यावी तसा. नैयायिकांचं लाडकं उदाहरण म्हणजे ‘जमिनीवर घडा नाही’. त्यांचं म्हणणं, अभाव कधी मोकळा नसतो. तो नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. हे दोन्ही सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला अर्थच नाही. यावर मीमांसकांत दोन तट पडले. प्रभाकरांचे अनुयायी म्हणत, अभाव म्हणून वेगळं काही नाही, नुसती जमीन दिसते, बाकी आपण बोलतो. कुमारिल भट्टांचं म्हणणं, आहे, आणि तो कळण्याचं साधनही वेगळं आहे: अनुपलब्धी. तिथे असता तर दिसलाच असता असा घडा दिसत नाही, यावरून ‘नाही’ कळतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. दिसण्याची अपेक्षा आधी हवी.

हे वादाचे शब्द जड वाटतात, पण तिसरीच्या फळ्यावर ते जसेच्या तसे उतरतात. "काहीच नाही तर लिहायचं कशाला?" या प्रश्नाला बाईंनी उलट विचारावं, "काय नाही? कुठे नाही?" शेकड्याचे गठ्ठे काढून ठेवल्यावर दहाचा सुटा गठ्ठा एकही नाही, आणि तो दशकाच्या घरात नाही. प्रतियोगी मिळाला, अधिकरण मिळालं. शून्य म्हणजे नुसतं ‘काही नाही’ नव्हे; या घरात, या प्रकारचं, एकही नाही, इतकी नेमकी माहिती त्या छोट्या गोलात भरलेली आहे. २००५ लिहिणारं मूल ते ऐकल्यावर स्वतःच एक शून्य पुसतं. त्याला कळतं, आपण हजारांचं घर उगाच उघडलं.

नसण्याचे प्रकारही मुलांना मोठ्यांपेक्षा चटकन दिसतात. दुपारची खिचडी शिजायची आहे तेव्हाही डब्यात खिचडी नाही, आणि पंगत उठल्यावरही डब्यात खिचडी नाही. आपल्या हिशेबात दोन्हींकडे शून्य. पण भुकेलं मूल या दोन शून्यांना एक मानायला तयार नसतं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टानेही तर्कसंग्रहात त्यांना दोन वेगळी नावं देऊन ठेवली आहेत, प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव. अजून झालंच नाही ते एक, होऊन संपलं ते दुसरं. वाऱ्याला रंग नाही, तो कधी नव्हता आणि कधी असणार नाही, हा तिसरा, अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा चौथा, अन्योन्याभाव.

या शास्त्राचा सगळ्यांत खरा पाठ मात्र गणिताच्या तासाला होत नाही. तो सकाळी होतो, हजेरीच्या वेळी.

बाई नाव घेतात. उत्तर येत नाही. बाई मान वर करून बघतात, सतरंजीवर तेवढी जागा रिकामी असते, शेजारच्या मुलांनी दप्तरं त्या जागेत सरकवलेली असतात, आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते. ती खूण पडायला तीन गोष्टी लागतात: नाव पटावर असायला हवं, बसायची जागा ठरलेली हवी, आणि बाईंना त्या पोराची वाट असायला हवी. कुमारिलांची अनुपलब्धी ही अशी रोज शाळेत भरते. ज्याचं नावच पटावर नाही तो पोरगा शाळेत नसतो, पण तो गैरहजरही नसतो. त्याच्या नसण्याची खूण कुठेच पडत नाही.

मराठवाड्यात, विशेषतः बीडकडे, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाने उचल दिलेली असते. टोळीची मोजणी कोयत्यावर होते: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दहा कोयते म्हणजे वीस माणसं. पोरं या हिशेबात नाहीत. ती सोबत जातात, फडाजवळच्या कोपीत राहतात, धाकट्याला सांभाळतात, पाणी भरतात, वाढं गोळा करतात, आणि मुकादमाच्या वहीत त्यांच्यासाठी घरच आखलेलं नसतं. शून्य लिहायलाही घर लागतं.

म्हणून हजेरीपटावरची ती लांबलचक गैरहजेरीची ओळ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतची, दिसायला निराशेची असली तरी जपण्यासारखी आहे. नाव कमी करून टाकलं की पट नीटनेटका दिसतो, उपस्थितीची टक्केवारी वर जाते, आणि २०५ चे २५ होतात. काही शिक्षक तसं करत नाहीत. ते गावात आजी-आजोबांकडे पोर ठेवता येईल का बघतात, हंगामी वसतिगृहासाठी खटपट करतात, जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे जिथे फड पडेल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. दर वेळी हे जमतं असं नाही. नाव मात्र पटावर राहतं.

गुढीपाडव्याच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परत येतात. पोरं रापलेली, केस उन्हाने पिंगट झालेले, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. तिसरी संपत आलेली असते. बाकीचा वर्ग गुणाकार-भागाकार उरकून बसलेला. बाई त्या चार-पाच जणांना भिंतीजवळ वेगळं घेऊन बसतात, खडूने जमिनीवर तीन घरं आखतात. दोन मोठे गठ्ठे पहिल्या घरात. पाच सुट्या काड्या तिसऱ्या घरात. मधल्या घरावर बोट ठेवून विचारतात, "इथे किती?"

पोर बराच वेळ त्या घराकडे बघत राहतं.

"बाई, इथलं कुठं गेलंय?"

बाई पिशवीतून अजून दहा काड्या काढतात, त्यांना रबर लावतात, गठ्ठा मधल्या घरात ठेवतात आणि वाचायला सांगतात. मग तो उचलून घेतात आणि परत विचारतात.

"आता काय नाही? आणि कुठे नाही?"